झाकणावरचे आकडे

प्रिय मिनल,

रविवारी तुझा फोन ठेवल्यावर मी भांडी घासली, सासूबाईंना गोळी दिली आणि उद्याच्या डब्याला कोणती भाजी करायची ते ठरवलं. तू अर्धा तास रडलीस आणि ही बाई भाजीचा विचार करते, असं कुणीही म्हणेल. मलाही तसंच वाटलं. आठ नंबरचं प्रथिन काढून टाकलं की यीस्ट उष्णतेत वाढत नाही, हा तुझा शोध. आणि बंगळूरच्या लॅबमध्ये जाऊन तुला सहा महिने झाले, तेच प्रथिन काढून तिथे नव्याने केलेलं यीस्ट मजेत वाढतंय. तीस तारखेला राजीनामा देणार म्हणालीस. "ताई, माझ्या हातातच खोट आहे," हे वाक्य दोनदा म्हणालीस.

इकडे सगळं तसंच. कुरुळीचा रस्ता पुन्हा खणलाय, चिंचवडला पोचायला दीड तास लागतो. पाव फुगवायच्या यीस्टवर सून पगार घेते हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. एवढ्या वर्षांत एक पाव घरी आणला नाहीस म्हणतात. मी सांगते, आम्ही त्यातलं एकेक प्रथिन काढतो आणि त्याच्यावाचून काय अडतं ते बघतो. बहुतेकदा काहीच अडत नाही. समाधानला जाऊन तीन वर्षं होतील. नवरा गेल्यावर माझंही काही अडलं नाही. बस पकडते, जेवते, झोपही लागते. लोक मला धीराची म्हणतात. धीर कसला, काही वाटतच नाही.

तू लॅबमध्ये आलीस त्याच दिवशी मी तुला शिकवलं होतं की यीस्ट वाढवायच्या चपट्या प्लेटचा नंबर तिच्या बुडावर लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. एकदा विसरलीस तर चारचौघांत बोलले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. समाधान गेला त्या आठवड्यात तुझ्या बारा नळ्या, प्रत्येकीत एकेक प्रथिन काढलेलं यीस्ट, फ्रीझरमधून काढून ताज्या प्लेटांवर घेतलं ते मी, आणि त्या दिवशी बस चुकल्यामुळे घाईत नंबर टाकले ते झाकणांवर.

त्या शुक्रवारी अकराच्या सुमारास त्या प्लेटा बाहेर काढत होते. समाधानच्या कंपनीतून फोन आला, तो मशीनपाशी कोसळलाय, पिंपरीला हॉस्पिटलमध्ये नेतोय. माझ्या हातून चळत कलंडली. दोनच झाकणं निघाली, सात आणि आठ. कोणतं कुठलं ते कळेना. अंदाजाने लावली, टेबल पुसलं आणि रिक्षा पकडली. मी पोचायच्या आधीच तो गेला होता. पुढचे तीन दिवस तू माझ्याजवळून हलली नाहीस, मला घास भरवलास.

तेराव्यानंतर कामावर आले तर पुढचे सगळे प्रयोग तू त्याच प्लेटांवरून सुरू केले होतेस. महिन्याभराने पेढे घेऊन आलीस. तीन-तीनदा करून पाहिलं म्हणालीस, पण तीनही वेळा मूळ तेच होतं. मी पेढा खाल्ला. सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला सांगायचं नव्हतं. तेव्हा माझ्या आसपास आनंदाचं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते तू होतीस. मग तुझा पेपर छापून आला आणि मी गप्प बसायला सरावले. लाजही वाटली नाही, याचीच आता लाज वाटते.

सोमवारी मी फ्रीझरमधल्या त्या जुन्या नळ्या शोधल्या. सात आणि आठ नव्या प्लेटांवर घेतल्या, नंबर बुडावर लिहिले, उष्णतेत ठेवल्या. आज सकाळी काढल्या. आठ नंबर भरभरून वाढलंय. सात नंबरची प्लेट कोरी आहे. ती हातात धरून मी रडले, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. मग सरांना सगळं सांगितलं. ते लेखी द्या म्हणाले. ते दिलंय, माझं काय व्हायचं ते होईल. फोनवर बोलले असते, पण तुलाही हे लेखीच हवं, म्हणून हे पत्र. तिथल्या मॅडमना दाखव. राजीनामा देऊ नकोस, मिनल. सहा महिने तुला बरोबर उत्तर येतंय.

तुझीच,
स्वरूपाताई