बंदूक लेकाचा अंगठा ओळखेल का?

मंगळवार, संध्याकाळ. पांडेसरा.

लिही पोरी, आजी सांगते तसंच.

माझा लेक राजू कापड मार्केटात पहारा देतो, बंदूक घरी आणतो. आज म्हणाला, “माय, असं कुलूप निघालंय, माझा अंगठा लागला तरच बंदूक चालेल.”

बरं वाटलं. परवाच धाकट्या नातीने खाटेखालून बंदुकीचा पट्टा ओढला होता.

पण याचा अंगठा? पहाऱ्याच्या आधी वीस वर्षं डाईंगमध्ये कापड रंगवून झिजलेला. रेशनचं मशीनसुद्धा ओळखत नाही, तीनदा केसांवर घासतो तेव्हा कुठे धान्य मिळतं. चोर तेवढा थांबेल?

म्हटलं, “बायकोचा अंगठा लाव, तसंही तिच्या हुकमाशिवाय तू हलत नाहीस.” तो हसला.

कुलूप हवं की नको, मला काही कळेना. तोवर बंदूक माळ्यावर ठेवायला लावली. शिडी माझ्या खाटेमागे.