सोडली नाही, काढलं

३ मार्च
आजही साडेआठला डबा आणि लॅपटॉप घेऊन निघाले. ऑफिस कसलं, इथली आमच्या गावची, पार्सिपनीची लायब्ररी. माझी नोकरी गेलीय हे पुण्याहून आलेल्या सासूबाईंना कळता कामा नये, हा नवऱ्याचा, मिलिंदचा हट्ट. ऑनलाइन निरोपाच्या पोस्टमध्ये मीही लिहून टाकलंय, स्वतःहून सोडली, ब्रेक हवा होता. अब्रू!

६ मार्च
अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा विषय काढला. मिलिंद म्हणे, सरकारी भीक, उद्या इथली सिटिझनशिप अडेल. सिटिझनशिपचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना विचारलं. अडत नाही, तो विमा आहे. तरी याचं तोंड वाकडंच.

१० मार्च
लायब्ररीत रूथ पुस्तकं लावायला येते. ऐंशी पार. रोज माझा डबा बघते, आज शेजारी बसली. सांगत होती, तिच्या जन्माआधी, १९३०च्या मोठ्या मंदीत तिचे वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली. तेही घरी न सांगता डबा घेऊन निघायचे, दिवसभर पार्कात. एकदा तिथे शेजारी भेटला, त्याच्याही हातात डबा. दुसऱ्या दिवशी दोघं मोर्चात. गावोगावची अशी माणसं ओरडली तेव्हा कुठे बेकारीचा विमा आला, म्हातारपणाची पेन्शन आली.
"नोबडी गेव्ह इट टु अस, हनी. वी वेअर लाउड."
आधी रडू आलं, मग संताप. काढलं त्यांनी आणि लपायचं मी?

११ मार्च
अर्ज भरला. बरं वाटलं.

१४ एप्रिल
अर्जावर कंपनीची हरकत. मी स्वतः सोडली म्हणे, म्हणजे भत्ता नाही; पुरावा माझीच पोस्ट. घ्या! अब्रू राखायला गेले नि पायावर धोंडा. परवा फोनवर सुनावणी.
मिलिंद म्हणतो, सोडून दे, चर्चा होईल. होऊ दे. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सरळ लिहिलं, "सोडली नाही. मला काढलं." मग पलीकडच्या गल्लीतल्या देशपांडेकाकांचा मेसेज, फक्त मला: "मलाही. दिवाळीपासून."
आणि हे काका रोज टाय लावून निघतात.

१६ एप्रिल
दहाला फोन येणार. गाडीत बसून बोल, आई ऐकेल, असं सांगून मिलिंद गेला. मी हॉलमध्येच बसलेय. सासूबाईंना सकाळी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,
"मग मी रोज पहाटे उठून डबा कुणाला करत होते?"
लायब्ररीत खात होते, म्हटलं. आत्ता टीव्ही बंद करून समोर येऊन बसल्यात. इंग्रजी फारसं कळत नाही, तरी फोन स्पीकरवर ठेव म्हणतात.