वाणगावला मध्येच का उतरलो

तलासरी,
मार्च २०१९, रविवार, मिस्सा आटोपल्यावर

तीर्थरूप सेलीनताईस,

बावतीसचा साष्टांग नमस्कार. यातला साष्टांग शब्दशः घ्यावा, कारण हे पत्र मी अंगणात ताडपत्रीखाली, चटईवर पालथा पडून लिहितो आहे. टेबल घरात आहे, आणि मी अगदी अडल्याशिवाय घरात जात नाही. तुझी कंबर कशी आहे? आईची साखर? तिला म्हणावं, उपवासकाळ म्हणून दुपारचं जेवण सोडायचं आणि मग चार केळी खायची, याला उपवास म्हणत नाहीत. पास्कूभावोजींना माझा नमस्कार सांग, पण त्यांचा राग कितपत उतरलाय ते बघून सांग. त्या दिवशी ते वसई स्टेशनात माझ्या मुलाखतीसाठी इस्त्री केलेला कोट हातावर घेऊन उन्हात ताटकळले आणि मी आलोच नाही. फोनवर मी "रेल्वेची जरा अडचण झाली" म्हणालो. रेल्वेची अडचण काहीच झाली नव्हती. रेल्वेला माझी झाली असेल. म्हणून हे सविस्तर पत्र. (फोनवर सांगायला गेलो असतो तर भावोजींनी मध्येच फोन घेतला असता, आणि त्यांच्याशी बोलताना मला तुमच्या लग्नापासून घाम येतो.)

मी भित्रा आहे ही बातमी भुईगावात नवीन नाही. सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची तेव्हा मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. संगणकाचा प्राध्यापक झालो तोही याच स्वभावाने झालो असं मला वाटतं. या विषयात प्रत्येक गोष्टीची आणखी एक प्रत काढून दुसरीकडे ठेवता येते, आणि काही बिघडलंच तर बंद करून पुन्हा चालू करता येतं. जमिनीला ती सोय नाही. नोव्हेंबरात इथे भूकंपाचे धक्के सुरू झाले ते अजून चालू आहेत. आधी जमिनीखालून कुणी रिकामं पिंप गडगडत नेल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, मग मी अंगणात असतो. (भांडी आणि अंगण यांच्या मधलं मला काही आठवत नाही. संगिता म्हणते, मी तिला ओलांडून जातो.) कपाटं दोरीने खिडकीच्या गजांना बांधली, पवित्र कुटुंबाची तसबीर भिंतीवरून काढून गादीत गुंडाळली, आणि मी चार दिवस मोटरसायकलचं हेल्मेट घालून जेवलो. पाचव्या दिवशी संगिताने ते शाळेत नेऊन पोरांना ‘ह’ हेल्मेटचा शिकवायला वापरलं. ती सरावली गावची, बोलणं कमी. तुला माहीतच आहे.

कॉलेजात आमचे वर्ग आंब्याखाली भरतात. संगणक इमारतीत आणि आम्ही बाहेर, त्यामुळे मुलं कागदावर प्रोग्रॅम लिहितात आणि मी तो वाचून, हा चालला असता तर काय झालं असतं, ते तोंडी सांगतो. याला आमचे प्राचार्य नवीन अध्यापनपद्धती म्हणतात. चर्चमधली मिस्साही आता मंडपात होते. मी कीबोर्ड वाजवायला बसतो, आणि जानेवारीत एकदा बासरीऐवजी माझं बोट चुकून ढोलाच्या बटणावर पडलं तेव्हा ऐन अर्पणाच्या वेळी सगळी मंडळी मंडपाबाहेर शेतात जाऊन उभी राहिली. फादर पहिले परत आले. मी शेवटी.

आता मूळ हकिगत. माझी एक विद्यार्थिनी आहे, दक्षा, तिसऱ्या वर्षाला. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून येते, वडील लाहू भातशेती करतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात, घरात आजी बुधीबाई. अख्ख्या पाड्यातून कॉलेजात आलेली ही एकटीच पोरगी. त्या डोंगराच्या पोटातच धक्क्यांचं मूळ आहे अशी तिकडच्या लोकांची समजूत, आणि तिथे धक्के बसतातही जोरात. दक्षाने मला एकदा विचारलं की फोन आडवा केला की पडदा आडवा होतो, म्हणजे फोनला हललेलं कळतं, तर मग त्याला ओरडायला लावता येणार नाही का. मला ती कल्पना इतकी आवडली की मी धक्के विसरून दोन दिवस घरात बसून प्रोग्रॅम लिहिला. (हे संगिताने मला नंतर दाखवून दिलं.) कॉलेजातला एक जुना फोन आम्ही बुधीबाईच्या घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, घट्ट बांधला आणि त्याला लग्नातला भोंगा जोडला. घर हललं की भोंगा ओरडणार, लोक बाहेर पडणार. पहिल्या आठवड्यात तो लाहूची म्हैस खांबाला अंग घासायची तेव्हा ओरडला, बुधीबाईने तांदूळ कांडले तेव्हा ओरडला, आणि एकदा मी स्वतः तो ओरडतो का बघायला खांब हलवला तेव्हा ओरडला नाही. मग आकडे कमी-जास्त केले आणि जमलं. पाड्यावर त्याला ‘सरांचा भोंगा’ म्हणायला लागले. मी अनेकदा सांगितलं की हा पुढचं काही सांगत नाही, हलायला लागलं की ओरडतो इतकंच. लोक मान हलवायचे. मला वाटलं पटलंय.

आणि त्याच सुमाराला भावोजींनी वसईच्या कॉलेजातली ती मुलाखत ठरवली. ताई, खोटं कशाला बोलू, भावोजींचा फोन आला तेव्हा मला रडायला आलं. वसईची जमीन डोळ्यांपुढे उभी राहिली. काही न करणारी, गप्प बसलेली, केळींच्या मुळांनी घट्ट धरून ठेवलेली जमीन. संगिताला मी म्हणालो, तुझीही बदली बघू. ती म्हणाली, बघू. कॉलेजात मी कुणालाच काही बोललो नाही, फक्त दक्षाला सांगितलं की एक दिवस नाही, बाहेर जातोय. आणि मुलाखतीच्या सकाळी टाय लावून, मोठी बॅग घेऊन (भावोजी म्हणाले होते की दोन दिवस राहा) डहाणूला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. ही जीप पाड्याच्या फाट्यावर थांबते. तिथे लाहू उभा होता. त्याने बॅगेकडे पाहिलं, टायकडे पाहिलं, आणि कुठे म्हणून विचारलं. मी म्हणालो, वसईला, घरी. तो तसाच वळून झपाझप पाड्याकडे गेला. मला तेव्हा कळायला हवं होतं.

डहाणूला गाडी रिकामीच होती. खिडकी मिळाली, समोरचं बाक मोकळं, बूट काढून पाय पसरले, आणि नोव्हेंबरपासूनची सगळी झोप एकदम डोळ्यांवर आली. आता नीट लक्ष देऊन वाच. तो भोंग्याचा प्रोग्रॅम मी माझ्याही फोनमध्ये टाकून ठेवला होता, झोपण्याआधी तो चालू करायची सवयच लागली होती, आणि फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. वाणगाव येताना गाडीने रूळ बदलताना मोठा हिसका दिला आणि माझ्या छातीवर भोंगा ओरडला. मी झोपेतून उठलो तो "बाहेर पडा, बाहेर पडा" असं ओरडतच. समोरच्या दारात एक म्हातारे पारशी गृहस्थ शांतपणे उभे होते. त्यांचा दंड धरून मी त्यांना फलाटावर उतरवलं, आणि मोकळ्या जागी नेऊन उभं केलं. गाडी सुटली. ते मला गुजरातीत म्हणाले की त्यांना इथेच उतरायचं होतं, पण इतकी घाई नव्हती. बॅग माझ्या हातात होती, ती मी झोपेतही सोडलेली नव्हती. बूट गाडीतून पुढे गेले. म्हणजे तुझा भाऊ, एम.एस्सी., पीएच.डी., वाणगावच्या फलाटावर टाय आणि मोज्यांत उभा होता. पुढच्या गाडीला वेळ होता. बाजारात जाऊन चपला बघितल्या तर माझ्या मापाची एकच जोडी निघाली, निळी, रबरी, वर फुलपाखरू असलेली. ती पायात घालत होतो तेवढ्यात दक्षाचा फोन आला.

ती फार हळू बोलत होती. आधी तिने विचारलं की सर तुम्ही पोचलात का. मग म्हणाली की सकाळपासून पाड्यावर लोक सामान बांधताहेत. सरांना भोंग्याने सांगितलं, मोठा येणारेय म्हणून, म्हणून सर बॅग घेऊन पळाले, असं सगळीकडे झालंय. आजूबाजूच्या पाड्यांवरही गेलंय. बाबांनी टेंपो आणलाय, आम्ही वापीला मामाकडे चाललोय, मला तिथे कंपनीत लावणार म्हणतात. कोंबड्या विकून टाकल्या. आणि मग तिने जे विचारलं ते मी तसंच लिहितो: "सर, मला खरं सांगा. यंत्राने नाही सांगितलं हे मला माहितीय, प्रोग्रॅम मी वाचलाय. पण तुम्ही परत येणार आहात ना?"

ताई, मी फोन ठेवला आणि वसईच्या दिशेच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. गाडी येताना दिसली सुद्धा. तिचं दार समोर आलं, माणसं चढली, आणि मला एकच गोष्ट दिसत होती: ती पोरगी वापीला कुठल्यातरी कंपनीत डब्यांना झाकणं लावते आहे, आणि कुणी विचारलं तर म्हणते आहे, आमचे सर पळाले. मी पूल चढून पलीकडे गेलो. (भावोजींना ‘रेल्वेची अडचण’ तो फोन मी त्या पुलावरून केला.)

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टेंपोत खाट, हंडे, भाताच्या कणग्या, वर म्हशीची पेंड. सगळी माणसं माझ्या टायकडे आणि फुलपाखरांकडे बघत उभी. मी यंत्राबद्दल व्याख्यान दिलं. फोनच्या आत काय असतं, ते काय मोजतं, काय मोजू शकत नाही, सगळं. वर्गात दिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. इथे कुणी हललं नाही. मग बुधीबाई पुढे आली. ती सगळ्यांना अरे-तुरे करते, फादरांनाही. म्हणाली, "यंत्राचं राहू दे, मास्तर. तू राहतोस का जातोस, तेवढं सांग."

राहतो म्हणायला तोंड उघडेना आणि जातो म्हणायची लाज. मी म्हणालो, "चहा घेईन." ती आत गेली. आणि ताई, इथे चहा घरात देतात.

तर मी कौलांखाली, त्याच मेढीला टेकून बसलो. मनात ‘नमो मारिया’ चालू होतं, पण अर्ध्यावर जाऊन पुन्हा सुरुवातीला येत होतं. देवावर माझा विश्वास आहे, पण आढ्यावर तेवढा नाही. दाराशी सगळा पाडा गोळा होऊन बघत होता. कप ओठांना लावला आणि खालून पिंप गडगडलं. कौलं दातांसारखी वाजली, डोक्यावर मातीचा सडा पडला, भोंगा ठणाणा ओरडला, दारातली माणसं मागे पळाली. मी हललो नाही. सगळं थांबल्यावर लोक परत दाराशी आले तर मी कप हातात घेऊन तसाच बसलेला. त्यांना वाटलं, सर किती शांत. मला पाय नव्हते गं. कमरेखाली काही उरलंच नव्हतं, उठायचं कसं. मी तसं लाहूला सांगितलंही, की मी घाबरून बसलोय, मला उठव. तो मोठ्याने हसला आणि बाहेर जाऊन टेंपोतून खाट उतरवायला लागला. बाकीचेही लागले. मी ओरडून सांगितलं की घरात झोपू नका, आधीसारखे ताडपत्रीखालीच झोपा, आणि ते त्यांनी मानलं. दक्षाने मला हात देऊन उठवलं. चहा सांडलेला टाय पुसायला ओलं फडकं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आंब्याखाली पहिल्या रांगेत बसली होती.

तेव्हापासून पाड्यावर मला धीट समजतात. मी चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण जितकं सांगावं तितके जास्त हसतात. एका माणसाला तरी खरं माहीत असावं म्हणून तुला लिहिलं. आईला यातलं बेताचंच सांग. कळावे, लोभ आहेच, प्रार्थनाही असू दे. सध्या मला दोन्ही लागतात.

तुझा,
बावतीस

ता.क. आई बुटांचं विचारेल. दुरुस्तीला टाकलेत म्हणावं.

ता.क. दुसरा. खरं तर ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. भावोजी त्या कॉलेजकडे मुलाखतीची नवी तारीख मागतायत असं आईकडून कळलं. मागू नका म्हणावं. मी इथेच राहतो. हे मी स्वतः त्यांना सांगायला हवं हे मला कळतं, पण तू सांग. त्यांचं जेवण झाल्यावर सांग.

ता.क. तिसरा. आज सोमवारी सकाळी एक बारीकसा धक्का बसला. भावोजींना एकदम ‘नाही’ असं सांगू नकोस. ‘सध्या नाही’ असं सांग. जूनपर्यंत काय होईल कुणी बघितलंय.

सेलीनताई, पत्र पाकिटात घालायचं काम माझ्याकडे असतं. तिसऱ्या ता.क.मधला ‘सध्या’ मी खोडला आहे, तुम्हीही तो वगळूनच सांगा. काळजी करू नका. काल हे घोलवडहून चिकूचं कलम घेऊन आले आणि अंगणात लावायचं म्हणून बसले. चिकूला फळ धरायला किती वर्षं लागतात ते तुम्ही वाडीवाले जाणताच. खड्डा मात्र मलाच खणावा लागला, कारण कुदळ मारली की जमीन हलते असं ह्यांचं म्हणणं.
— संगिता