सातवा रोट

३ रज्जब १२९१, रविवार

आलो एकदाचा सेफ्रू गावी. मेकनेसहून गाढवावर बसून कंबर कामातून गेली होती, पण भट्टीची चावी हातात पडली आणि कंबर विसरलो. चावी वीतभर लांब, लोखंडी. मोहल्ल्याचे मुकादम हाज तुहामी यांनी ती स्वतः माझ्या गळ्यात घातली. हिला जोड नाही, ही एकच आहे, जपा, म्हणाले. ही जागाही त्यांच्याच शब्दावर मिळाली. वर राहायला खोली आहे. जम बसला की बायकोला, फद्माला, आणि बाळाला तिच्या गावाहून घेऊन येईन. आठ वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर हात भाजून घेतले, आता ही माझी.

आधीचा भट्टीवाला, बा जिलाली, गेल्या महिन्यात घेरी येऊन भट्टीच्या तोंडातच पडला म्हणे. अल्लाह त्याला क्षमा करो.

५ रज्जब, मंगळवार

सकाळपासून चाळीस घरांच्या कच्च्या रोटांच्या फळ्या भाजायला आल्या. प्रत्येक घराच्या रोटावर खूण वेगळी. कोणी काट्याने टोचतं, कोणी बोट दाबतं, कोणाचा लाकडी शिक्का असतो. दुपारपर्यंत सगळ्या पाठ झाल्या आणि मी जरा फुशारलो. समोरची म्हातारी लल्ला तामू म्हणाली, “नव्याचे नऊ दिवस रे बाबा. जिलालीला खूण बघावी लागायची नाही, तो हातच ओळखायचा. कुणाकडे पाहुणा आला, कोण आजारी पडलं, सगळं त्याला रोटावरून कळायचं.”

घरोघरचं चिमूटभर पीठ भट्टीवाल्याचं. त्यातून होणाऱ्या आपल्या रोटावर जिलाली फावड्याच्या कडेने दोन तिरप्या रेघा ओढायचा. मी माझ्या रोटावर चावी दाबली. म्हातारी म्हणाली, दाखव बाबा, सगळ्या गावाला दाखव तुझी चावी.

७ रज्जब, गुरुवार

हाजसाहेबांच्या घरून रोज सहा रोट येतात. त्यांची मोलकरीण मबारका फळी डोक्यावर घेऊन येते, बोलत नाही. आज सहा घातले आणि सात निघाले. सातव्यावर हाताची बोटं दाबल्याची खूण, पण मधल्या बोटाची जागा सपाट. माझंच मोजायला चुकलं असेल. ऑलिव्हबरोबर खाल्ला. फार गोड लागला.

११ रज्जब, सोमवार

रोज सातच निघतात. चार खाल्ले. मग मनाला लागलं. भट्टीवाल्याला चोर म्हणायला लोक टपलेलेच असतात, आणि मी काही चोर नाही. आज सातही फळीवर मांडले आणि मबारकाला थट्टेने विचारलं, घरी कोण पाहुणा आलाय? तिने तो रोट पाहिला आणि चटकन उचलून माझ्या हातात कोंबला. हा इथेच ठेव लेकरा, एवढंच पुटपुटली. पण मी हट्टाने सातही दिले.

१२ रज्जब, मंगळवार

हाजसाहेब स्वतः आले. सातवा रोट कोणी दिला, असं अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही, भट्टीच देते. ते हसले नाहीत. येत्या आठवड्यात त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न आहे. जाताना म्हणाले, आपण बरं, आपली भट्टी बरी.

१४ रज्जब, गुरुवार

लल्ला तामूला तो रोट दाखवला. तिने खुणेवरून बोट फिरवलं आणि सगळं सांगितलं.

यामना. हाजसाहेबांची सून. लहानपणी रहाटात तिचं मधलं बोट गेलं होतं. गेल्या महिन्यात रुसून डोंगरात माहेरी गेली असं घरच्यांनी सांगितलं. तेव्हा जिलाली सगळ्यांदेखत म्हणाला होता, “हाजसाहेब, सून सोमवारी गेली म्हणता, पण तिच्या हातचा रोट तर त्याआधीच्या गुरुवारपासून बंद आहे. चार दिवस उपाशी ठेवलीत काय?” सगळे हसले. तो भट्टीत पडला तो त्याच शुक्रवारी, सगळा मोहल्ला नमाजला गेलेला असताना.

मीही तशीच थट्टा केली. आणि तिच्या हातचे रोट मी खाल्ले.

१७ रज्जब, रविवार

आज सहा रोट मोठ्याने मोजून घातले. सात.

हाजसाहेबांचा निरोप आला – फद्माला आणायला आपली खेचरं पाठवतो, एकटा किती दिवस राहणार? माझ्या बायकोचं गाव त्यांना मी सांगितलेलं नाही. भीती वाटते. गप्प बसावं आणि भट्टी सांभाळावी, असंही मनात येतं. याची लाजही वाटते.

२० रज्जब, बुधवार

फद्माच्या गावावरून मेकनेसला जाणाऱ्या उंटवाल्याबरोबर तिला सांगून पाठवलं – येऊ नकोस, कोणाबरोबरही नाही. शुक्रवारी नमाज झाल्यावर काझीसाहेबांना गाठायचं, सगळ्यांसमोर बोलायचं. तामूला हे सांगत होतो आणि मागे मबारका फळी घेऊन उभी. काय ऐकलं तिने, कळत नाही.

२२ रज्जब, शुक्रवार

ऐन अजानच्या वेळी हाजसाहेबांची फळी. लग्नघर, तरी सहाच. भट्टीत घातलेलं टाकून जाता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. मबारका रडत होती. जा म्हणाली, आत्ता जा.

गल्लीत कोणी नाही. आतून कुलूप घातलं.

सहा काढले. सातवा – यामनाचा.

मागे आणखी एक. दोन तिरप्या रेघा. बा जिलाली –

अजून आहे. अगदी मागे. फावडं आत सारतो –

माझी खूण. चावी. आज मी माझा रोट घातलेलाच नाही.

वही तामूच्या फळीखाली सारतो. तामू, वाचता येत नसलं तरी काझीसाहेबांना –

बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी आहे. नमाज अजून संपलेली नाही.

हिला जोड नाही, म्हणाले होते. चावी माझ्या गळ्यात आहे. आणि कुलपात बाहेरून दुसरी चावी –