माझ्या निधनपत्रकाची चाचणी

४ ऑक्टोबर, सोमवार
दादाने होकार दिला! तोंडाने नव्हे. अकरा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. वहिनीकडून निरोप आला, "आठ दिवस बघतो. एक पत्रक चुकलं की बंद." बाबांचं निधनपत्रक मी त्याला न विचारता दुसऱ्या गावाहून छापून आणलं, तेव्हापासूनचा अबोला. छापखाना घरचाच होता. घाई माझी. असो. आता आमच्या लोवेच गावात खांबांवर आणि दारांवर लागणारी पत्रकं माझ्या ऑनलाइन सेवेतून थेट त्याच्या मशीनवर उतरणार. मध्ये माणसाचा हात नाही. आठ दिवसांत दादा स्वतः येऊन बोलेल. लिहून ठेवतो.

५ ऑक्टोबर
दारिनाशी वाद. (आमची प्रोग्रामर. वय सव्वीस, आवाज मुख्याध्यापिकेचा.) पत्रक खरं की चाचणीचं, हे छापखान्याला कळणार कसं? ती म्हणते, वेबपत्त्यातच लिहू. प्रश्नचिन्हानंतर नाव, तारीख, चाळिसावा दिवस की वर्षश्राद्ध हे लिहितोच, तिथेच आणखी एक पॅरामीटर. मी म्हणालो, पत्ता म्हणजे पाकिटाची पाठ, येणारा जाणारा वाचतो. घरातली गोष्ट हेडरमध्ये घालावी. हेडर म्हणजे पाकिटाला टाचलेली चिठ्ठी. "टाचलेली चिठ्ठी वाटेत गळते, काका." मी हसलो. पोरीला पोस्टाचा अनुभव नाही. मी बाराव्या वर्षी गोंदाची बादली घेऊन गावभर पत्रकं चिकटवलीत.

६ ऑक्टोबर
दारिना पुन्हा. "चिठ्ठी नसेल तर चाचणीच समजायचं, असं तरी करा." मग खरा मेलेला छापायचा राहील, त्याचं काय? या गावात मेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत. माझा निर्णय: चिठ्ठी नाही म्हणजे खरं. ऑफिसातल्या ऑफिसात तीनदा पाठवून पाहिलं. तीनदा चिठ्ठी पोचली. "छापखान्याच्या वाटेवरचा मधला सर्व्हर लावून बघा," म्हणाली. उद्या.
संकल्प: राकिया (आमची फळांची दारू) फक्त रविवारी.

७ ऑक्टोबर
चाचणीसाठी नाव हवं. दारिना म्हणाली, खोटं घ्या. खोटं कुठून आणू? या गावात जे नाव सुचेल त्याचा मालक बाजारात भेटतो. शेवटी माझंच घेतलं. माझ्या नावाची तक्रार कोण करणार? पासपोर्टचा फोटो लावला. मजकूर जरा भावपूर्ण झाला. मधल्या सर्व्हरचं राहिलं. गुरुवार असून राकिया एकच.

८ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
पाठवलं. 'पोचलं' असं उत्तर. निवांत कॉफी.

८.५५
खिडकीखाली दोघी शेजारणी. माझे कान तिखट.
"बिचारा मिल्को. परवाच भांडला गं माझ्याशी."
"त्याची गाडी लावायची जागा आता कुणाला?"
डोकावलो. समोरच्या खांबावर मी. बेकरीच्या दारावर मी. पत्रकं चिकटवणारी स्तोयका आजी गोंद घेऊन पुढच्या गल्लीत पोचलेली. चाळीस पत्रकं. छपाई, खरं सांगायचं तर, उत्तम.

९.२०
दारिनाने शोधून काढलं. मधला सर्व्हर यादीतले हेडर पुढे सोडतो, बाकीचे गुपचूप टाकून देतो. माझी चिठ्ठी यादीत नव्हती. यादी कुणी केली, विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आठवलं.

११.३०
दादा आला.
काल सासुरवाडीला गेला होता. मशीन आपोआप छापून मोकळं झालेलं. आज परतताना त्याने पुलापाशी पाहिलं. अंगात काळा कोट, हातात कार्नेशनची सहा लाल फुलं, डोळे सुजलेले. मी दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, दारावरच्या पत्रकातल्या माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.
काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, छपाई छान आलीय.
"येणारच. मशीन माझं आहे."
मग म्हणाला, "एक वाक्य बोलायचं होतं रे तुझ्याशी. शवपेटीपाशी उभा राहून बोलणार होतो. तू असा समोर उभा. आता कसं बोलू?"
फुलं मोजली. एक काढून खिशात घातलं. "सम आकड्याची फुलं मेलेल्याला, विषम जित्याला. तू पाच घे."
गेला.
दुपारी वहिनीचा निरोप: सेवा बंद.

९ ऑक्टोबर
नीट विचार केला. अकरा वर्षांत दादा पहिल्यांदा बोलला, तोही भरपूर. म्हणजे सेवेचा मूळ हेतू साधला. वाक्य आज उद्या येऊन सांगेल. घरीच थांबलो.

१० ऑक्टोबर
घरीच. रविवार, म्हणून राकिया नियमात.

१२ ऑक्टोबर
आठ दिवस आज संपले. दारिनाने चाचणीची खूण पत्त्यात, प्रश्नचिन्हानंतर घातली. मधल्या सर्व्हरमधून शंभरदा पाठवलं, शंभरदा पोचली. आता पाठवायला छापखाना नाही.
संकल्प: आपणच जाऊन दादाला वाक्य विचारायचं.
संध्याकाळी ६.१०: निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो. छापखान्यात दिवा होता, दादा पाठमोरा होता. मफलर घरी राहिल्याचं लक्षात आलं. परतलो.
दारावरचं पत्रक निघत नाही. स्तोयका आजीचा गोंद पक्का.
बरणीतलं एक फूल सुकलं. राहिली चार. चार बरी नव्हेत. आणखी एक काढून टाकलं.