दुमडीत गेलेला माणूस

तीर्थरूप दादास धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? (तुझी सून फोनवर हिला सगळं सांगते, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.) मोठ्या कात्रीवरून भांडून तू दुकान सोडलंस, त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र पृथ्वीबद्दल आहे.

झालं असं, की समोरच्या वाचनालयात पृथ्वीच्या जुन्या इतिहासावर व्याख्यानं चालू आहेत. भूशास्त्राचे प्राध्यापक शेहेचाळीस मीटरची कापडी पट्टी घेऊन दुकानात आले. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं! जागोजागी पेनाच्या खुणा होत्या. म्हणाले, टोकांचे दोरे निघताहेत, जरा शिवून द्या. मी आपला दोन बोटं काठ दुमडून पक्की शिलाई मारून दिली. एवढं चोख काम केलंय म्हटल्यावर ऐकायलाही गेलो, पहिल्या रांगेत बसलो. लोकांनी हातोहात पट्टी धरली, सभागृहाला तीन वेढे पडले. पहिले कित्येक मीटर नुसता दगड नि शेवाळ (माझ्या शेजारचे पोस्टमास्तर तेवढ्यात झोपले). डायनासोर तर पूर्ण बाह्यांचा शर्ट होणार नाही एवढ्या कापडात आले नि गेले. मग प्राध्यापक भिंग घेऊन शेवटच्या टोकाशी वाकले, "आणि आता माणूस!" म्हणाले, आणि वाकलेलेच राहिले. माणूस नव्हता. त्याला मिळाली होती तीन मिलिमीटर जागा. मला उठावंच लागलं.

"दुमडीत आहे, साहेब," मी म्हटलं.

मग सगळ्यांसमोर उसवायला बसलो. माझी शिलाई सहजी उसवत नाही, हे तुला माहीत आहे. वीस मिनिटं लागली. तोवर अर्धी माणसं घरी गेली, पोस्टमास्तर जागे होऊन आपल्या परीने सल्ले देऊ लागले. सुरुवातीचं टोकही मी दुमडलं होतं, पण तिथे कोणी राहत नव्हतं, त्यामुळे तक्रार आली नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : निघताना प्राध्यापकांना विचारलं, अकरा वर्षं या पट्टीवर किती होतील? म्हणाले, सुताच्या एका तंतूइतकीही नाहीत. मला मात्र फार जड गेली, दादा. डोळे अधू झालेत, काजं नीट होत नाहीत. तुझं स्टूल खिडकीशीच आहे. ये.

आणखी एक : येताना मोठी कात्री आण. ती माझीच आहे.