बोंबलात गुंडाळलेली गोळी

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना,
ता. जि. पालघर

विषय : खजूर (तपकिरी गावठी कुत्रा, वय अंदाजे सहा) याच्या गाठीच्या शस्त्रक्रियेस पुन्हा तारीख मिळणेबाबत
संदर्भ : दि. ४ नोव्हेंबरच्या केसपेपरवरील शेरा, "मालकीण बेभरवशाची. पुन्हा तारीख देऊ नये."

महोदय,

वरील शेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही.

खजूरच्या मागच्या पायावरील गाठ हाताळली की तिच्यातून हिस्टामिन सुटते आणि भुलीत रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून ॲलर्जीवरची गोळी सकाळी सात वाजता घोटभर पाण्यासोबत द्यावी, अन्नाचा कणही देऊ नये, असे आपण लिहून दिले होते. मला ते पूर्ण समजले होते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. असून तारापूरच्या एका कारखान्यात 'लेखी सूचना कशा पाळाव्यात' याचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा देते.

त्या सकाळी नवापूरहून आलेल्या माझ्या आईने (नर्मदाबाई) उपाशी कुत्र्याला सुका बोंबील देऊ केला. मी तिला भूल आणि रिकामे पोट यांवर दहा मिनिटे समजावले आणि बोंबील काढून घेतला. पुढे खजूरने गोळी दोनदा थुंकली. तेव्हा तोच बोंबील मी वापरला. तो अन्न नसून गोळीचे वेष्टन आहे, असे मी मनाशी ठरवले. वेष्टने चार लागली.

दवाखान्यात आपण विचारले, "काही खाल्लंय का?" मी म्हणाले, "गोळीशिवाय काही नाही." गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर खजूरने टेबलावरच खरे काय ते सांगितले. परिचर श्री. भिका यांनी ते पुसताना नोंदवले, "बाय, चार तुकडे मोजले. गोळी नाय." शस्त्रक्रिया थांबवली गेली, ते योग्यच झाले. गोळी संध्याकाळी घरी खजूरच्या गोणपाटाखाली सापडली, चाटून स्वच्छ केलेली. आई म्हणाली, "माझ्या हातचा बोंबील म्हंजे खाणं, नि तुझ्या हातचा म्हंजे औषध, व्हय गो?" मी गोळी पाकिटात घातली.

परंतु गाठ दिवाळीपूर्वी हरभऱ्याएवढी होती, आज सुपारीएवढी आहे. आणखी वाढल्यास पाय वाचणार नाही, असे आपणच सांगितले आहे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. म्हणून विनंती की, २ डिसेंबरची तारीख द्यावी. आदल्या संध्याकाळीच खजूरला दवाखान्यात ठेवून घ्यावे. गोळी श्री. भिका यांनी द्यावी. मी फाटकाबाहेर बसेन. "एकच तुकडा" असे म्हणत मी आत येऊ लागल्यास मला येऊ देऊ नये, यास माझी आगाऊ लेखी संमती आहे.

शेरा खोडू नये. तो माझ्यावर आहे. गाठ मात्र खजूरला आहे.

सर्व सूचना वाचून, समजून चुकलेली,
(सही)
तेजल तामोरे
सरावली, बोईसर
दि. ७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) केसपेपरची प्रत
२) गाठीच्या मापांचा तक्ता, रोज सकाळी सातचा
३) सदर गोळी, पाकिटात